विश्लेषण : काडतुसाच्या पुंगळीचं पेन खिशात ठेवणं गुन्हा आहे का?

पितळेची चकचकीत पुंगळी, तिच्या तोंडाशी तांब्याच्या रंगाची गोळी आणि गोळीच्या टोकातून बाहेर येणारी रिफिल. समाजमाध्यमांवर 'बुलेट पेन' नावाने दिसणारी ही पेनं अनेकांना आवडतात. फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांना भेट म्हणून, एनसीसीच्या दिवसांची आठवण म्हणून किंवा नुसतीच हौस म्हणून लोक ती घेतात. अशा व्हिडीओखाली एक प्रश्न हमखास येतो : 'हे कायदेशीर आहे का?' एक जण लिहितो, 'पितळच तर आहे, काय होतंय?' दुसरा लिहितो, 'आर्म्स ॲक्ट लागेल, जामीन मिळणार नाही.'

दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. भारतीय कायद्यात रिकाम्या पुंगळीचं पेन जवळ ठेवणाऱ्याला सवलत मिळू शकते. पण ती सवलत बनवून विकणाऱ्यापर्यंत तशीच पोहोचत नाही. पुंगळी कुठून आली याचा पुरावा नसेल, तर घेणाराही अडचणीत येऊ शकतो.

हा प्रश्न कार्ल्यात का पडावा?

मावळातलं कार्ले म्हटलं की लेणी आणि एकवीरा आई आठवते. पण या गावाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा फौजी आहे. एका बाजूला लोणावळ्यात नौदलाची 'आयएनएस शिवाजी' ही अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. पुण्याच्या दिशेला तळेगावात सीआरपीएफचं केंद्र, देहूरोडला लष्करी छावणी आणि आयुध निर्माणी, तर खडकीत १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली दारूगोळा बनवणारी 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' पुण्यातूनच चालते.

त्यामुळे या भागात फौजेतून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची घरं बरीच आहेत. शोकेसमध्ये तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्याची फुलदाणी किंवा जुनी पुंगळी दिसली तर इथे कोणाला नवल वाटत नाही. दुसरीकडे शनिवार-रविवारी गर्दी करणारे पर्यटक असतात आणि त्यांना आठवण म्हणून काहीतरी घरी न्यायचं असतं.

समजा, कार्ल्यातल्या एका निवृत्त गृहस्थाने घरच्या लेथ मशीनवर जुन्या पुंगळ्यांची दहा पेनं केली. ती पायथ्याशी वेहेरगावातल्या एका दुकानदाराने विकायला ठेवली. नागपूरच्या एका पर्यटकाने त्यातलं एक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तो लोहगाव विमानतळावर गेला. पेन एकच, पण कायद्यासमोर या तिघांची जागा वेगवेगळी आहे.

आधी हे पाहू : पेनात असतं काय?

एका काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली गोळी, आतली दारू आणि बुडाशी बसवलेला छोटा प्रायमर. बंदुकीची पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी सुटते. मागे उरते ती रिकामी पुंगळी.

बाजारातली 'बुलेट पेन' साधारण तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार म्हणजे कारखान्यात नव्याने बनवलेली नक्कल. पेन बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी असे तयार संच मिळतात. ते कधीच काडतूस नव्हते, फक्त आकार तसा असतो.

दुसरा प्रकार म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळीचं पेन. यासाठी रायफलची लांब पुंगळी लागते. ७.६२ मिमी 'नाटो' काडतुसाची पुंगळी ५१ मिमी लांब असते, म्हणून ती पेनाला सोयीची पडते. पिस्तुलाच्या नेहमीच्या ९ मिमी काडतुसाची पुंगळी जेमतेम १९ मिमीची असते, तिचं पेन होत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत धोकादायक. यात जिवंत काडतूस उघडून, दारू काढून पेन केलेलं असतं. अनेकदा बुडाचा प्रायमर तसाच राहिलेला असतो.

ही हौस तशी जुनी आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक पुंगळ्यांपासून लायटर, कागद कापायच्या सुऱ्या आणि पेन्सिली बनवत. १९१४ च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरी यांच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या भेट दिल्या गेल्या. त्यातल्या काहींमध्ये काडतुसाच्या आकाराची पेन्सिल होती. भारतीय सैनिकांच्या डब्यांत खडीसाखर आणि मसाले होते.

कायदा 'दारूगोळा' कशाला म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे. बंदुकीची काडतुसं त्यात येतातच. पण दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे 'रिकामी पुंगळी हा दारूगोळ्याचा भाग आहे' असं पोलिसांनी म्हटलं, तर ते व्याख्येला सोडून नाही.

कलम ३ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा मिळवणं, जवळ ठेवणं किंवा बाळगून फिरणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षं तुरुंगवास व दंड अशी आहे.

इथे कलम ४५ मदतीला येतं. हा कायदा कुठे लागू होत नाही, याची यादी त्यात आहे. त्यातल्या पोटकलम (ड) चा आशय असा : शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग मिळवणं, जवळ ठेवणं किंवा बाळगणं यांना कायदा लागू नाही. अट एकच. ते भाग पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसावा आणि पूरक भाग तुमच्याकडे असोत की दुसऱ्या कोणाकडे, दोन्ही बाबतीत ही अट आहे.

साध्या भाषेत सांगायचं तर रिकाम्या पुंगळीत पुन्हा दारू, प्रायमर आणि गोळी भरण्याचा हेतू नसेल, तर ती जवळ असणं हा गुन्हा ठरू नये. हेतू डोळ्यांना दिसत नाही, वस्तू मात्र दिसते. पुंगळीला आरपार भोक पाडलेलं आहे, प्रायमरची जागा रिकामी आहे, आत पेनाची यंत्रणा बसवली आहे, अशी वस्तू स्वतःच सांगते की ती आता काडतूस होणार नाही. उलट, एका पेनासोबत पिशवीत शंभर अखंड पुंगळ्या सापडल्या, तर तेच सांगणं अवघड होतं. पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं बनवता येतात, हे पोलिसांनाही ठाऊक असतं.

विकणाऱ्याला ही सवलत का पुरत नाही?

पोटकलम (ड) मध्ये तीनच क्रिया आहेत : मिळवणं, जवळ ठेवणं, बाळगणं. त्यात बनवणं नाही आणि विकणंही नाही.

बनवणं, विकणं, हस्तांतरित करणं, रूपांतर करणं आणि विक्रीसाठी मांडून ठेवणं या गोष्टी कलम ५ मध्ये येतात. परवान्याशिवाय दारूगोळ्याच्या बाबतीत हे केलं, तर कलम २५ खाली शिक्षा फार कडक आहे : किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ती तीन ते सात वर्षं होती.

याचा अर्थ प्रत्येक पेनविक्रेत्याला जन्मठेप होईल, असा नाही. ही वस्तू आता दारूगोळा राहिलेलीच नाही, ते लिहिण्याचं साधन आहे, असा बचाव त्याच्याकडे असतो आणि तो दमदारही आहे. फरक इतकाच की खरेदीदाराला कायद्यातली सवलत दाखवता येते, तर विक्रेत्याला 'ही वस्तू व्याख्येतच बसत नाही' हे पटवून द्यावं लागतं. वेहेरगावातल्या त्या दुकानदाराचं काउंटर म्हणूनच पर्यटकाच्या खिशापेक्षा जास्त जोखमीचं आहे.

पुंगळी आली कुठून?

फौजेत, पोलीस दलात आणि एनसीसीच्या शिबिरातही गोळीबाराचा सराव झाला की रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून जमा कराव्या लागतात. ज्यांनी एनसीसी केलं आहे, त्यांना एका हरवलेल्या पुंगळीसाठी गवत चाळणारे उस्ताद आठवत असतील. यामागे पितळेच्या किमतीपेक्षा मोठं कारण आहे. दिलेल्या गोळ्या आणि परत आलेल्या पुंगळ्या यांचा आकडा जुळला नाही, तर एखादं जिवंत काडतूस बाहेर गेलं असण्याची शंका उरते.

दुसरं कारण तपासाचं. झाडलेल्या पुंगळीवर बंदुकीच्या पिनेची, पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या आकड्याची अशा खुणा उमटतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा त्यावरून कोणत्या हत्यारातून गोळी सुटली ते शोधते. भलत्याच बंदुकीची पुंगळी कोणी गुन्ह्याच्या जागी टाकली, तर तपासाची दिशाच बदलू शकते. म्हणून पुंगळ्या मोकळ्या फिरू नयेत, याकडे यंत्रणांचं लक्ष असतं.

पुंगळीच्या बुडावर कारखान्याची आणि वर्षाची खूणही असते. 'केएफ' ही खडकीची खूण, 'ओएफव्ही' ही जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची. पेन कितीही घासून चकचकीत केलं तरी बुडावरची अक्षरं बहुतेक वेळा तशीच ठेवली जातात, कारण गिऱ्हाइकाला तीच हवी असतात. पोलिसही आधी तीच वाचतात. ७.६२ किंवा थ्री-नॉट-थ्रीसारखी फौजी-पोलिसी काडतुसं सामान्य नागरिकाला नेहमीच्या परवान्यावर मिळत नाहीत. मग प्रश्न येतो : ही तुमच्याकडे आली कशी?

उत्तर देता आलं नाही, तर शस्त्र कायदा बाजूला राहतो आणि भारतीय न्याय संहिता पुढे येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे आणि चोरीचा माल माहीत असताना घेण्यासाठी कलम ३१७. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. निवृत्त होताना आठवण म्हणून खिशात टाकलेली पुंगळी भावनेच्या दृष्टीने कितीही मोलाची असली, तरी कागदोपत्री ती सरकारी मालमत्ता असते.

कायदेशीर वाट आहे, पण ती लांबची आहे. सरकारी भंगाराचा लिलाव होतो आणि 'एमएसटीसी' या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन मंचावर बरेच लिलाव चालतात. दारूगोळ्याच्या भंगारासाठी ते स्फोटकमुक्त असल्याचा दाखला महत्त्वाचा असतो. युद्धसामग्रीचा धातू रीतसर हातात आला की त्यातून उघडपणे व्यवसाय करता येतो. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटरसायकल आणली, ती 'आयएनएस विक्रांत' या मोडीत निघालेल्या विमानवाहू नौकेचं पोलाद वापरल्याचं सांगूनच. नौका लिलावात विकली गेली होती आणि मालाचा माग कागदावर होता. दहा पेनं करणाऱ्या गृहस्थाला इतका व्याप झेपणार नाही, पण त्याच्याकडेही निदान पितळ कुठून घेतलं याची पावती हवी.

न्यायालयांनी काय म्हटलं आहे?

बॅगेत काडतूस सापडल्याची प्रकरणं देशभरातल्या उच्च न्यायालयांत सतत येतात. त्यात दोन मुद्दे वारंवार दिसतात.

पहिला मुद्दा 'जाणीवपूर्वक ताबा'. वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीवच नसेल, तर तो ताबा गुन्हा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात मांडलं आणि १९९४ च्या संजय दत्त प्रकरणातही 'ताबा' या शब्दाचा अर्थ तसाच लावला. दुसरा मुद्दा कलम ४५ (ड). दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका विमानप्रवाशाकडे सापडलेलं एकच जिवंत काडतूस या पोटकलमात बसतं, असं म्हणत गुन्हा रद्द केला. त्यानंतरच्या अनेक निकालांचा भर मात्र जाणीवपूर्वक ताब्यावर आहे.

पेनवाल्यासाठी यात एक अडचण आहे. भावाची बॅग उचलून आणलेला प्रवासी 'आत काडतूस आहे हे माहीत नव्हतं' असं म्हणू शकतो. शर्टाच्या खिशाला पेन लावून फिरणाऱ्याला ते म्हणता येत नाही. त्याचा ताबा पूर्णपणे जाणीवपूर्वक आहे. त्याला आधार उरतो तो पेन निर्जीव असल्याचा आणि हेतू साफ असल्याचा.

कायद्यात आणखी एक चाळणी आहे. कलम ३ खालच्या गुन्ह्यासाठी खटला भरण्यापूर्वी कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्यामुळे प्रत्येक गुन्हा खटल्यापर्यंत जात नाही. पण मंजुरीचा प्रश्न गुन्हा नोंदवल्यानंतर येतो. तोपर्यंत पोलीस ठाणं, वकील आणि तारखा हे सगळं मागे लागलेलं असतं.

विमानतळावर काय होऊ शकतं?

तपासणीच्या यंत्रावर बसलेल्या सीआयएसएफच्या जवानाला पेन दिसत नाही. त्याला दिसतो एक आकार : दाट धातूची नळी आणि पुढे निमुळती गोळी. आत दारू आहे की रिफिल, हे ठरवण्यासाठी त्याच्याकडे काही सेकंद असतात. बॅग बाजूला घेणं हेच त्याचं काम आहे.

संशयाला आणखी एक कारण आहे. पेनाच्या आकाराची पिस्तुलं खरोखर असतात आणि देशात पोलिसांनी ती अनेकदा जप्त केली आहेत. अशी पेनगन शस्त्र कायद्यानुसार सरळसरळ बंदूक ठरते. त्यामुळे 'अहो, पेन आहे ते' या वाक्याने जवानाचं समाधान होत नाही.

पेन उघडून दाखवलं आणि ते निर्जीव असल्याची खात्री पटली, तर बहुधा ते तिथेच टाकून पुढे जाता येईल. प्रायमर जागेवर असेल किंवा शंका राहिली, तर प्रवाशाला स्थानिक पोलिसांच्या हवाली केलं जाऊ शकतं. मग विमान सुटतं आणि पेन तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातं. हातातल्या बॅगेपेक्षा चेक-इन बॅग बरी, हा समजही खोटा आहे. तिचीही तपासणी होते आणि तेव्हा समजावून सांगायला तुम्ही तिथे नसता.

अमेरिकेत विमानतळ सुरक्षा यंत्रणेचा नियम स्पष्ट आहे : गोळी नसलेली आणि प्रायमर काढलेली किंवा झाडलेली रिकामी पुंगळी बॅगेत नेता येते. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना त्यात काही वावगं वाटत नाही आणि ते अशी पेनं भेट म्हणून आणतात. तिकडचा नियम भारतातल्या विमानतळावर दाखवून उपयोग नाही. परदेशातून मागवतानाही हाच घोळ होऊ शकतो. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात बॉलपेन ९६०८ या शीर्षकाखाली येतं, तर काडतुसं आणि त्यांचे भाग ९३०६ खाली. पार्सलवर 'बुलेट' असा शब्द असला की ते कोणत्या रांगेत जाईल, हे सांगता येत नाही.

कायद्यापलीकडचा धोका

गुन्ह्याची भीती एकीकडे, पण हात आणि डोळे गमावण्याची शक्यता जास्त खरी आहे. प्रायमरमधलं मिश्रण आघाताने आणि उष्णतेने पेटावं यासाठीच बनवलेलं असतं. ड्रिल मशीन नेमकं तेच दोन्ही देतं. 'दारू काढली, आता काही नाही' असं समजून जिवंत प्रायमर असलेल्या पुंगळीला भोक पाडणं हा अपघाताला दिलेला निमंत्रणपत्र आहे. शिवाय अनेक गोळ्यांचा गाभा शिशाचा असतो आणि प्रायमरच्या राखेतही शिसं असतं. घरात भोकं पाडताना ती भुकटी श्वासातून आणि हातातून शरीरात जाते. लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

लष्करी भंगाराची किंमत महाराष्ट्राने याआधी मोजली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्ध्याजवळ पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. हे काम तर यंत्रणेच्या देखरेखीखाली होतं. घरच्या लेथवर देखरेखीला कोणी नसतं.

मग पेन घ्यायचं की नाही?

हौस असेल, तर या गोष्टी लक्षात ठेवा :

• नव्याने बनवलेली नक्कल घ्या. दिसायला तीच, पण ती कधी काडतूस नव्हतीच. बिलावर तसं लिहून घ्या.

• खऱ्या पुंगळीचं पेन असेल, तर बूड तपासा. प्रायमरची जागा रिकामी किंवा आरपार भोक पाडलेली हवी. बुडाशी अखंड, पिनेचा खड्डा न पडलेली टिकली दिसली, तर ते पेन घेऊ नका.

• बिल जपून ठेवा. पेन वारशाने आलं असेल, तर ते कोणाचं होतं आणि त्यांची सेवा कुठे झाली, याची नोंद आणि सेवेची कागदपत्रं घरात असू द्या.

• विमानप्रवासात ते नेऊ नका, कोणत्याच बॅगेत नको.

• विक्रीसाठी बनवायचं असेल, तर आधी वकिलाचा सल्ला आणि पुंगळ्यांच्या रीतसर खरेदीची पावती, मग लेथ. जिवंत काडतूस पेनासाठी उघडणं पूर्णपणे टाळा.

• घरात, शेतात किंवा डोंगरावर जिवंत काडतूस अथवा जुना गोळा सापडला, तर हात न लावता ११२ वर कळवा. कार्ले परिसरात लोणावळा ग्रामीण पोलीस ठाणं जवळचं आहे. स्वतःहून कळवणं हाच हेतू साफ असल्याचा सर्वांत चांगला पुरावा असतो.

आता त्या तिघांकडे परत येऊ. नागपूरच्या पर्यटकाला कलम ४५ चा आधार आहे, बिल आणि बूड दोन्ही साफ असतील तर. दुकानदाराला तो आधार तसाच मिळत नाही. आणि ज्याच्यासाठी ती पुंगळी म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीची आठवण होती, तो कार्ल्यातला गृहस्थ या तिघांत सर्वांत उघडा पडतो. पुंगळी आणली त्याने, भोक पाडलं त्याने आणि विकायला दिली तीही त्यानेच. एक पेन स्वतःच्या टेबलावर ठेवलं असतं, तर त्याच्याकडे बहुधा कोणी पाहिलंही नसतं. उरलेल्या नऊ पेनांमुळे मात्र आठवणीचा धंदा झाला, आणि धंद्याला कायदा वेगळे प्रश्न विचारतो.